एप्रिलच्या उन्हात ‘पाऊस पडतोय’ म्हणणारा मोवर: रेन सेन्सर कसा तपासायचा

आमची सोसायटी मालाड पश्चिमेला, खाडीच्या बाजूला. दोन विंगच्या मधे लॉन आहे, माळीकाका आठवड्यातनं तीनच दिवस येतात, म्हणून कमिटीने बरीच चर्चा करून (चार मीटिंगा, एक भांडण) रोबो लॉन मोवर (आपला आपण फिरून गवत कापणारं यंत्र) घेतला. पोरांनी त्याचं नाव कासव ठेवलं आणि सगळं छान चाललं होतं. मग एका एप्रिलमध्ये कासव घराबाहेर, म्हणजे त्याच्या चार्जिंग स्टेशनबाहेर, पडेचना. आभाळात ढगाचा तुकडा नाही, अंगाची लाही लाही होतेय आणि ॲपवर काय तर ‘पाऊस पडतोय, काम थांबवलं आहे’. सर्विसवाल्याला बोलावलं, तो दहा वाजता आला, त्याने बटण दाबलं, कासव मस्त फिरलं, तो व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी परत तेच. परत बोलावलं, परत तेच, परत पैसे. तिसऱ्यांदा मात्र मी स्वतः पहाटे साडेपाचला चहाचा कप घेऊन खाली जाऊन बसले आणि तेव्हा कळलं की सेन्सर बिचारा खरं बोलत होता, त्याच्यावर पाणी पडतच होतं. दुसऱ्या मजल्यावरच्या एसीचं.

तेव्हापासून ओळखीतल्या कुणाच्या सोसायटीत किंवा बंगल्यावर असा मोवर अडला की फोन मला येतो, म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतेय. मी इंजिनियर नाही, पण दोन पावसाळे हे कासव सांभाळलंय. एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा: सेन्सरला पाऊस कळत नाही, त्याला फक्त ओलावा कळतो. तो ओलावा ढगातून आला की वरच्या काकूंच्या कुंडीतून, हे त्याला कळायला मार्ग नाही. ते शोधायचं काम आपलं.

आधी हे सामान जमवा

घरातच सापडेल बहुतेक. मऊ सुती कापड दोन (एक ओलं करायला, एक कोरडं), जुना टूथब्रश, कानात घालायच्या कापसाच्या काड्या, पांढरं व्हिनेगर, भांडी घासायचं लिक्विड, पोरांचं साधं खोडरबर, इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड वॉटर, आणि जाड हातमोजे. मल्टीमीटर असेल तर उत्तम. मी लॅमिंग्टन रोडवरून साधा पिवळा घेतला, तेवढा पुरतो, भारीतला घ्यायची काही गरज नाही. कागदपत्रांत मोवरचं बिल, वॉरंटी कार्ड आणि मॅन्युअल. मॅन्युअल हरवलं असेल तर मोवरच्या पोटाखाली किंवा झाकणाच्या आत स्टिकर असतो, त्यावरचा मॉडेल नंबर आणि सिरियल नंबर मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा, मॅन्युअल कंपनीच्या साइटवर मिळतं.

आणि हो, हात लावण्याआधी मोवर मेन स्विचने बंद करा, चावी किंवा सेफ्टी की असेल तर काढून खिशात टाका. नुसतं स्टॉप बटण दाबून भागत नाही. खालची ब्लेडं दाढीच्या पात्यासारखी पातळ असतात आणि सैल फिरती असतात, मोवर उलटा करताना हातमोजे हवेतच. आमच्या वॉचमनने उघड्या हाताने उलटा केला होता, दोन बोटांना पट्टी.

१. तुमच्या मोवरला रेन सेन्सर आहे का, ते बघा

हसू नका. सगळ्या मोवरना नसतो. हुस्कवार्नाच्या बऱ्याच ऑटोमोवर मॉडेलमध्ये रेन सेन्सर दिलेलाच नाही, ते पावसातही कापतील अशाच हिशेबाने बनवलेत. वर्क्सचा लँडरॉइड, रोबोमो वगैरेंमध्ये सेन्सर असतो. एका ओळखीच्या गृहस्थांनी अर्धा तास फोनवर ‘सेन्सर काम करत नाही, पावसात फिरतोय’ म्हणून डोकं खाल्लं आणि शेवटी त्यांच्या मॉडेलला सेन्सरच नव्हता.

असेल तर तो वरच्या कव्हरवर दिसतो: धातूचे दोन छोटे ठिपके, पिना किंवा पट्ट्या, एकमेकांपासून थोड्याच अंतरावर. कोरडं असताना त्या दोघांमधून करंट जात नाही. मधे पाणी आलं की किंचितसा करंट जातो आणि मोवर समजतो, पाऊस आला, चला घरी. एवढंच त्याचं शास्त्र. काही नव्या मॉडेलमध्ये पिना दिसत नाहीत, गुळगुळीत प्लास्टिकखाली सेन्सर असतो, त्यांना खालची पिना घासायची स्टेप लागू नाही, नुसतं पुसून घ्यायचं.

२. तक्रार नक्की कुठली, ते ठरवा

सेन्सरच्या तक्रारीचे प्रकार दोनच. एक, पाऊस नसताना ‘पाऊस’ म्हणतो. दोन, पाऊस पडत असताना खुशाल फिरतो. दोन्हीची कारणं अगदी उलटी आहेत आणि उपायही उलटे, त्यामुळे ‘सेन्सर खराब आहे’ एवढंच बोलून पुढे जाऊ नका. पहिल्या प्रकारात कुठेतरी नको तिथे करंट जातोय: पाणी, मीठ, घाण. दुसऱ्यात जायला हवा तिथे जात नाही: तेल, गंज, तुटलेली वायर. मुंबईत माझ्याकडे येणारे जास्त करून पहिल्या प्रकारचे.

आणि तिसरा एक प्रकार असतो तो म्हणजे सेन्सरचा काही संबंधच नाही. मोवर घरातच बसलाय म्हणून पावसाच्या नावाने खडे फोडतात, पण स्क्रीनवर किंवा ॲपवर मेसेज वेगळाच असतो. बॉर्डर वायरचा (मोवरला हद्द कळावी म्हणून लॉनच्या कडेने टाकलेली वायर) सिग्नल नाही असा मेसेज असेल तर ती वायर कुठेतरी तुटली किंवा जोडावर गंजली आहे (जोड नेहमी जेल भरलेल्या कनेक्टरने करायचा, नुसती पिळून वर काळी टेप गुंडाळली की एका पावसात वाट लागते). बॅटरी लो असा मेसेज असेल तर आधी चार्जिंग स्टेशनला लाइट येतेय का बघा. पहिल्या मोठ्या पावसात कॉमन मीटरचा आरसीसीबी (करंट गळला की लाइट तोडणारा सेफ्टी स्विच) पडतो, स्टेशन बंद होतं, बॅटरी संपते आणि दोष सेन्सरला. आरसीसीबी वारंवार पडत असेल तर तो नुसता वर ढकलत बसू नका, इलेक्ट्रिशियनला दाखवा, बहुतेक कुठेतरी पाणी शिरलंय म्हणून तो पडतोय.

३. रेन डिले समजून घ्या, अर्ध्या तक्रारी इथेच मिटतात

सेन्सर ओला झाला की मोवर घरी जातो, आणि सेन्सर सुकल्यानंतरही ठरलेला वेळ थांबतो, गवत सुकावं म्हणून. त्याला रेन डिले म्हणतात. काही मॉडेलमध्ये तो कारखान्यातूनच १८० मिनिटं ठेवलेला असतो, म्हणजे तीन तास. आता हा हिशेब बघा: आमच्या कासवाचं शेड्यूल होतं सकाळी सहा ते नऊ, कारण नंतर पोरं खेळायला येतात. एसीचं पाणी पहाटे सहापर्यंत टपकत होतं. सेन्सर सुकला साधारण सव्वासहाला, तिथून तीन तास, वाजले सव्वानऊ, शेड्यूल संपलं! दिवसभर सेन्सर कोरडा ठणठणीत, सर्विसवाला दहाला येतो तेव्हा सगळं ओके, आणि कासव रोज घरात. आम्ही तीन आठवडे डोकं आपटत होतो.

त्यामुळे पहिलं काम, ॲपमध्ये जाऊन रेन डिले किती आहे ते बघा आणि लिहून ठेवा. टेस्ट करताना तो शून्य किंवा कमीत कमी करा, नाहीतर तुम्ही सेन्सर पुसाल, मोवर लगेच निघणार नाही, आणि तुम्ही समजाल अजून बिघाड आहे. हा सापळा फार जणांना गाठतो. टेस्ट झाली की आकडा परत मूळ जागी, विसरू नका.

अजून एक: काही ॲपमध्ये हवामानाच्या अंदाजावरून थांबायची सोय असते. लोकेशन नुसतं ‘मुंबई’ टाकलेलं असतं, आणि मुंबई केवढी पसरलीय. कुलाब्याचा पाऊस आणि सांताक्रूझचा पाऊस वेधशाळा वेगवेगळा मोजते ते उगाच नाही, एकीकडे धो धो आणि दुसरीकडे रस्ता कोरडा हे आपण लोकलमधून रोज बघतो. हे ऑप्शन चालू असेल तर टेस्टपुरतं बंद करा.

४. कोरडी टेस्ट

मोवर उचलून लॉबीत किंवा सोसायटी ऑफिसमध्ये आणा, जिथे वरून काही पडणार नाही. सेन्सर कोरड्या कापडाने पुसा, पंख्याखाली एक रात्र ठेवा. सकाळी चालू करून मेसेज बघा (चालवायचा नाही, नुसता चालू करायचा, ऑफिसच्या लादीवर ब्लेडं फिरवू नका).

मेसेज गेला असेल तर सेन्सर ठीक आहे, ओलावा बाहेरून येतोय, स्टेप ५ आणि ६ करा. रात्रभर सुकवूनही ‘पाऊस’ कायम असेल तर पिनांवर थर तरी आहे किंवा आत पाणी शिरलंय, सरळ ६ आणि मग ८ वर जा.

५. पाणी कुठून येतंय ते शोधा

ही स्टेप परदेशी व्हिडिओत कुणी सांगत नाही कारण त्यांचं लॉन बंगल्याभोवती असतं, डोक्यावर बावीस मजले नसतात. आपल्याकडे बघा काय काय टपकतं: एसीचे ड्रेन पाइप, बाल्कनीत वाळत घातलेले कपडे, ग्रिलमधल्या कुंड्या, ओव्हरफ्लो झालेली टाकी, गळकी पाइपलाइन, आणि रविवारी खिडक्या धुणारे लोक. एसीचं पाणी तर दमट हवेत रात्रभरात बादलीभर सहज निघतं.

माझी पद्धत अगदी गावठी आहे पण चालते. मोवर बाजूला काढा आणि चार्जिंग स्टेशनच्या जागी, सेन्सर जिथे येतो बरोबर तिथे, रात्री जुना वर्तमानपत्राचा कागद ठेवा, वर दोन खडे. सकाळी उठल्या उठल्या बघा. एकाच जागी ओला गोल डाग असेल तर वरून थेंब पडतोय, मान वर करा, गुन्हेगार सापडेल. सगळा कागद सारखा दमट असेल तर दव आहे, डिसेंबर-जानेवारीत पडतं. एका बाजूनेच शिंतोडे असतील तर स्प्रिंकलर किंवा माळीकाकांचा पाइप.

एसीचं निघालं तर भांडू नका, कारण वरच्यांना माहीतच नसतं. मी गेले तर वहिनी म्हणाल्या, “अय्या, आमच्यामुळे कासव बंद होतं?” आणि त्याच दिवशी पाइपला हातभर नळी जोडून ती पाण्याच्या मुख्य पाइपकडे वळवली. नाहीच ऐकलं कुणी तर चार्जिंग स्टेशन तीन-चार फूट सरकवा, पण ते करताना बॉर्डर वायर आणि स्टेशनसमोरची मोकळी जागा मॅन्युअलप्रमाणेच ठेवायची, नाहीतर नवीनच दुखणं.

स्प्रिंकलर असेल तर वेळा बदला. आधी कापणी, मग पाणी, हा क्रम. पहाटे पाच ते साडेपाच पाणी आणि सहाला मोवर, असं शेड्यूल लावलेलं मी तीन ठिकाणी पाहिलंय आणि तिन्ही ठिकाणी लोक सेन्सर बदलायला निघाले होते.

स्टेशनवर छप्पर घातलं असेल तर तेही तपासा. पत्र्याच्या कडेवरून येणारी धार नेमकी मोवरच्या पाठीवर पडते, छप्पर नसतं तर बरं अशी गत. छप्पर दोन्ही बाजूंनी वीतभर तरी बाहेर हवं, उतार मागे हवा. आणि आंब्याखाली स्टेशन ठेवू नका, पाऊस थांबल्यावर अर्धा तास झाड स्वतःचा पाऊस पाडत बसतं, वर चीक आणि पक्ष्यांची शिट वेगळी.

६. साफसफाई, पण बेतानं

खाडीजवळ किंवा समुद्राकडे राहत असाल तर हे नीट वाचा. खाऱ्या वाऱ्याने पिनांच्या मधल्या प्लास्टिकवर मिठाचा पातळ थर बसतो, डोळ्यांना दिसतही नाही. साधं मीठ हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांच्या वर गेली की स्वतःच पाणी ओढून ओलं होतं (पावसाळ्यात मिठाच्या बरणीत तांदूळ का टाकतो आपण?). आणि आपल्याकडे जुलैत आर्द्रता त्याच्या कितीतरी वर असते. म्हणजे एकही थेंब न पडता सेन्सर ओला. ओळखायचं कसं: रात्री आणि पहाटे ‘पाऊस’, दुपारी ऊन चढलं की आपोआप ठीक. युरियाची धूळ, बाजूच्या साइटची सिमेंटची धूळ आणि बोअरवेल किंवा टँकरच्या पाण्याचे पांढरे डागही असाच उद्योग करतात.

साफ असं करा. आधी नुसत्या ओल्या कापडाने धूळ काढा. मग भांड्यांच्या लिक्विडचे दोन थेंब पाण्यात घालून टूथब्रशने पिना आणि मुख्य म्हणजे पिनांच्या मधली जागा घासा, लोक पिना चकचकीत करतात आणि मधलं प्लास्टिक तसंच ठेवतात, खरा थर तिथेच असतो. पांढरे डाग असतील तर कापसाच्या काडीने व्हिनेगर लावा, दोन-तीन मिनिटं ठेवा, पुसा. हिरवट किंवा काळपट गंज असेल तर खोडरबराने हलक्या हाताने घासा. शेवटी डिस्टिल्ड वॉटरने भिजवलेल्या कापडाने पुसा, कारण नळाचं किंवा बोअरचं पाणी सुकलं की परत क्षार मागे सोडतं. मग कोरडं करा. पावसाळ्यात हे आठवड्यातून एकदा, एरवी महिन्यातून.

काय करायचं नाही तेही सांगते. पॉलिश पेपर लावू नका, वरचा मुलामा जातो आणि मग खरा गंज सुरू होतो. गाडी धुवायचा प्रेशर पंप मारू नका, मोवरवर आयपीएक्स४ किंवा आयपीएक्स५ लिहिलेलं असतं त्याचा अर्थ शिंतोडे किंवा साधी पाइपची धार सोसेल एवढाच. आणि तेल, ग्रीस, स्प्रे काहीही सेन्सरवर लावू नका. यावर आमची एक कथा आहे.

७. पाऊस पडतोय तरी कासव फिरतंय

सेन्सर साफ केल्यावर पिना चमकल्या, त्या परत गंजू नयेत म्हणून माळीकाकांनी प्रेमानं रोज बोटभर खोबरेल लावायला सुरुवात केली. “ताई, लोखंडाला तेल लागतंच की,” असं त्यांचं म्हणणं, आणि विळा-कोयत्याच्या बाबतीत ते शंभर टक्के बरोबरच आहे. पण तेलातून करंट जात नाही, पाण्याचे थेंब त्यावर मोत्यासारखे टिकतात आणि घरंगळून जातात. तुफान पावसात कासव लॉनभर चिखल करत फिरत होतं आणि सगळी सोसायटी गॅलरीतून बघत होती. गंज काढायचे स्प्रे, गाडीचं वॅक्स, सिलिकॉन पॉलिश, सगळ्याचा परिणाम हाच. उपाय सोपा, भांड्यांच्या लिक्विडने दोनदा धुवा, डिस्टिल्ड वॉटरने पुसा.

टेस्ट करताना एक बारीक गोष्ट. नळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून करंट चांगला जातो, पावसाच्या पाण्यात क्षार कमी, करंट कमी जातो. त्यामुळे बोट ओलं करून लावल्यावर मोवर थांबला म्हणजे पावसातही थांबेलच असं समजू नका. थोडं पावसाचं पाणी वाटीत धरा आणि त्यात भिजवलेलं कापड दोन्ही पिनांवर ठेवून बघा. शिवाय काही मोवर लगेच थांबत नाहीत, थोडा वेळ सलग ओलं राहिल्यावरच मानतात, म्हणून कापड चार-पाच मिनिटं ठेवा आणि मग निकाल द्या. काही मॉडेलमध्ये सेन्सिटिव्हिटी कमी-जास्त करता येते, ते सेटिंग ॲपमध्ये किंवा मेनूत शोधा.

ॲपमध्ये रेन सेन्सर चालू आहे ना हेही बघा. गेल्या वर्षी कुणीतरी वैतागून बंद केला आणि विसरला, हे फार कॉमन आहे.

८. मल्टीमीटर आणि आतली वायर

वॉरंटी चालू असेल तर इथे थांबा. स्क्रूवर स्टिकर असतो, तो फाटला की कंपनी हात वर करते.

वॉरंटी संपली असेल आणि स्क्रूड्रायव्हर हातात धरायची सवय असेल तर, मोवर बंद करून वरचं कव्हर काढा. सेन्सरच्या पिनांच्या मागून दोन बारीक वायरी निघून बोर्डात एका छोट्या प्लगने जातात. उघडण्याआधी आणि प्लग काढण्याआधी फोटो काढा, नंतर डोकं खाजवायला लागत नाही. प्लग काढा. आता मल्टीमीटर ओममध्ये, साध्या पिवळ्यावर २०००के ची रेंज, आणि प्लगच्या दोन टोकांना लावा. सेन्सर कोरडा असेल तर काहीच दाखवायला नको, म्हणजे डावीकडे नुसता १ किंवा ओएल. मग पिनांवर ओलं कापड ठेवा, आकडा यायला हवा. आकडा नाचत राहतो, पाण्यात तसंच होतं, नेमकं किती याला महत्त्व नाही, कोरडं आणि ओलं यात फरक दिसला की सेन्सर आणि वायर पास. कोरड्यातही आकडा येत असेल तर पिनांच्या मागे किंवा प्लगमध्ये पाणी किंवा गंज आहे. ओल्यातही काहीच येत नसेल तर वायर तुटली आहे किंवा पिनेपासून सुटली आहे.

(प्लग न काढता बाहेरूनच मोजलंत तर बोर्डातलेही पार्ट मोजले जातात आणि आकडा फसवतो. मी फसले होते.)

आता खरी निर्णायक टेस्ट: प्लग काढलेलाच ठेवा, रेन डिले शून्य, मोवर चालू करा, ब्लेडांपासून लांब राहा, स्टार्ट दाबू नका. प्लगच नाही म्हणजे मोवरच्या दृष्टीने सगळं कोरडं. तरीही ‘पाऊस’ म्हणत असेल तर दोष बोर्डात आहे, सेन्सर बदलून फुकट पैसे जातील. प्लग काढल्यावर मेसेज गेला, तर दोष प्लगच्या बाहेरच्या भागात, म्हणजे पिना किंवा वायर, आणि ते स्वस्तात निभावतं.

आत दमटपणा दिसला तर हेअर ड्रायरची गरम हवा मारत बसू नका, प्लास्टिक वाकतं. कव्हर उघडं ठेवून पंख्याखाली दोन दिवस, आणि शक्य असेल तर सिलिका जेलच्या पुड्यांसोबत मोठ्या डब्यात. बुटांच्या खोक्यातल्या पुड्या मी साठवूनच ठेवते आता. आणि पाणी शिरलं कुठून ते बघा: रबरचं गॅस्केट एखाद्या ठिकाणी बाहेर आलेलं किंवा त्यात गवताची काडी अडकलेली असते. एका काडीने अख्खा पावसाळा आत येतो. बंद करताना स्क्रू समोरासमोरचे एकेक करत आवळा, एका बाजूने आवळत गेलात तर गॅस्केट उचललं जातं.

९. पावसाळ्यात सेटिंग काय ठेवायचं

यावर दुमत आहे, मी माझं सांगते. मुंबईत पाऊस यायची सरासरी तारीख ११ जून धरतात, पण २०२५ मध्ये तो २६ मेलाच येऊन थडकला, तेव्हा तारखेवर विसंबू नका, मेच्या मध्यापर्यंत साफसफाई उरकून घ्या.

जुलैमध्ये तीन तासांचा रेन डिले म्हणजे कासव गणपतीपर्यंत बाहेर पडत नाही, कारण प्रत्येक सर आली की घड्याळ परत शून्यापासून. गवत तर याच दिवसांत वेड्यासारखं वाढतं. काही जण वैतागून सेन्सर बंद करतात, ते करू नका, ओलं गवत पोटाखाली लगदा होऊन बसतं, चाकं घसरतात आणि लाल मातीत चाकोऱ्या पडतात त्या दिवाळीपर्यंत बुजत नाहीत. मी डिले साठ मिनिटांवर आणते, कापायची उंची एक-दोन टप्पे वाढवते, आणि शेड्यूल सकाळऐवजी दिवसा मोकळं ठेवते म्हणजे उघडीप मिळाली की ते आपलं आपण निघतं. पोरं शाळेत असतात त्या वेळेत, आणि रविवारी अजिबात नाही. आठवड्यातून एकदा पोटाखालचा लगदा लाकडी पट्टीने खरवडायचा, मोवर बंद करून, हातमोजे घालून.

ज्या दिवशी रेड अलर्ट असेल त्या दिवशी सरळ मोवर उचलून आत आणा आणि स्टेशनचा प्लग काढा. लॉन सखल असेल तर विचारूच नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला होता, त्या दिवशीचं मालाड आम्ही पाहिलंय, अशा पाण्यात कुठलाच आयपी नंबर टिकत नाही.

१०. सर्विसवाल्याला बोलवायचंच असेल तर

फोन करण्याआधी हे तयार ठेवा: मॉडेल आणि सिरियल नंबरचा फोटो, बिल, ॲपवरच्या मेसेजचा स्क्रीनशॉट वेळ दिसेल असा, पाच-सहा दिवसांची नोंद (किती वाजता अडला, किती वाजता सुटला, पाऊस होता का), आणि कोरड्या टेस्टचा निकाल. या नोंदीमुळे आमचं काम झालं, रोज सव्वानऊला सुटतोय हे कागदावर दिसलं तेव्हाच ट्यूब पेटली.

तो ज्या वेळी अडतो त्या वेळीच माणूस बोलवा. पहाटे येत नाहीत, मान्य, मग निदान व्हिडिओ काढून ठेवा. ‘सेन्सर मॉड्यूल बदलावं लागेल’ असं आल्या आल्या म्हणाला तर प्लग काढून दाखवायला सांगा, वरची निर्णायक टेस्ट दोन मिनिटांची आहे. जुना पार्ट परत मागा. आणि व्हिजिट चार्ज तक्रार न सापडताही लागतो का, हे फोनवरच विचारा, आम्ही विचारलं नव्हतं.

एक शेवटचं राहिलं. पाऊस ओसरल्यावर कासव पूर्ण जोमात सुरू केलं की दसरा येतोच. आमच्याकडे पंप, जनरेटर, लिफ्टची मोटर यांच्यासोबत माळीकाका कासवाचीही पूजा करतात, झेंडूची माळ घालतात, आणि पहिल्या वर्षी ओलं हळदकुंकू बरोबर त्या दोन पिनांच्या मधे लावलं होतं, कारण “तिथंच डोळ्यांसारखे दोन ठिपके होते, ताई”. दुसऱ्या दिवशी परत ‘पाऊस’. आता आम्ही हळदकुंकू पुढच्या बंपरला लावतो आणि माळ चार्जिंग स्टेशनला.